बिनउसनवारीचा एडिटर

टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर फाइल उघडायची, चार शब्द बदलायचे, सेव्ह करून बाहेर पडायचे. संगणकावर याहून साधे काम शोधून सापडणार नाही. कळ दाबली की अक्षर उमटते, बाणाची कळ दाबली की कर्सर सरकतो, बॅकस्पेस दाबली की अक्षर पुसले जाते. यात समजून घेण्यासारखे काही असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. पण हाच एडिटर स्वतः लिहायला घेतला आणि बाहेरचे एकही तयार मॉड्यूल वापरायचे नाही अशी अट घालून घेतली, की यातले काहीही आपोआप घडत नाही हे लगेच ध्यानात येते. संगणकाचा स्वभावच असा, म्हणून आपण जे गृहीत धरतो, ते बहुतेक वेळा कुणीतरी, कुठल्या तरी वर्षी, समोरच्या यंत्राची अडचण पाहून घेतलेले निर्णय असतात. तयार मॉड्यूल हे निर्णय झाकून ठेवतात. बिनउसनवारीचा एडिटर ते एकेक करून समोर आणतो. मराठी लिहिणाऱ्याला तर हे ठाऊक असण्याची गरज इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा जास्त आहे, कारण त्यातले काही निर्णय थेट आपल्या अक्षरांविषयीचे आहेत.

हे काम पर्ल या भाषेत करण्यासारखे आहे. लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ रोजी प्रसिद्ध केली. वॉल यांचे शिक्षण भाषाविज्ञानाचे, आणि मजकुराची चिरफाड करणे, जोडणे, त्यात शोधणे ही पर्लची पहिल्यापासूनची हातोटी. १९९५ पासून या भाषेसाठी ‘सीपॅन’ नावाचे मॉड्यूलांचे सार्वजनिक भांडार आहे. एखादे काम निघाले की आधी तिथे कुणी ते करून ठेवले आहे का ते पाहायचे, हा पर्ल लिहिणाऱ्यांचा शिरस्ता. कळा वाचण्याचे आणि पडदा रंगवण्याचे मॉड्यूल तिथे अर्थातच आहेत. ते बाजूला ठेवले तर हातात उरते ते एवढेच : एक बाइट वाचणे, एक वाक्य छापणे, ओळीचा तुकडा कापणे, यादीत ओळ घुसवणे, फाइल उघडणे आणि मिटणे. एवढ्यावर चालणारा एडिटर होतो का? होतो. ‘रेडिस’ या प्रसिद्ध डेटाबेसचे कर्ते साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २०१६ मध्ये ‘किलो’ नावाचा एडिटर सी भाषेत, पडदा हाताळणारी कुठलीही लायब्ररी न घेता, हजाराच्या आत ओळींत लिहून दाखवला. पर्लमध्ये मेमरीची उस्तवार करावी लागत नाही, त्यामुळे तेच काम आणखी थोडक्यात होते.

पहिला अडसर कीबोर्डचा. प्रोग्रॅमने एक अक्षर वाचायला मागितले आणि वापरणाऱ्याने ‘क’ची कळ दाबली, तरी प्रोग्रॅमला काहीही मिळत नाही. एन्टर दाबेपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिम सगळी ओळ स्वतःकडे धरून ठेवते. दाबलेली अक्षरे पडद्यावर दाखवते तीच, बॅकस्पेसने खोडते तीच. याचे मूळ टेलिटाइपमध्ये आहे. १९६३ साली आलेले ‘मॉडेल ३३’ हे टेलिटाइप यंत्र सेकंदाला दहा अक्षरे कागदावर छापत असे. एकाच संगणकाला अशी अनेक यंत्रे जोडलेली असत. प्रत्येक अक्षरासाठी प्रोग्रॅमला जागे करण्यापेक्षा पुरी ओळ झाल्यावर ती हवाली करणे शहाणपणाचे होते. टेलिटाइप गेले, व्यवस्था राहिली. ती बंद करण्यासाठी आपल्या प्रोग्रॅमला ‘एसटीटीवाय’ ही सिस्टिमची आज्ञा वापरून टर्मिनल ‘रॉ’ स्थितीत न्यावे लागते. त्यानंतर मात्र सगळीच जबाबदारी आपल्यावर येते. दाबलेले अक्षर पडद्यावर दिसत नाही, कारण ते आता आपण छापायचे असते. कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम थांबत नाही. ती कळ ३ क्रमांकाचा एक बाइट म्हणून आपल्या हातात येते. आपण ओळ संपवून पुढची छापली तर ती डावीकडून सुरू न होता आधीची जिथे संपली त्याच्या खालून सुरू होते, आणि मजकूर जिन्यासारखा उतरत उजवीकडे निघून जातो. टेलिटाइपवर छपाईचे डोके डावीकडे आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे या दोन वेगळ्या हालचाली होत्या, त्यांना दोन वेगळे बाइट लागत. एरवी सिस्टिम पहिला बाइट गुपचूप भरून देते. रॉ स्थितीत तो आपण द्यायचा.

बारकाईने पाहिले तर कीबोर्डवरची जवळजवळ प्रत्येक खास कळ अशीच कुठल्या तरी जुन्या यंत्राचा पत्ता सांगते. बॅकस्पेसचा बाइट बहुतेक टर्मिनलांवर १२७ येतो. सात भोकांच्या कागदी पट्टीवर चुकलेले अक्षर पुसता येत नसे, म्हणून त्या जागी सातही भोके पाडून ते रद्द करत. सात बिट सगळे एक, म्हणजे १२७. विंडोजच्या सवयीने कंट्रोल-एस दाबणाऱ्या नवख्याचे टर्मिनल लिनक्सवर गोठते, कारण तो १९ क्रमांकाचा बाइट समोरच्या यंत्राला ‘थांब’ सांगण्यासाठी राखलेला आहे. १७ म्हणजे कंट्रोल-क्यू दाबले की ते पुन्हा चालू होते. वरच्या बाणाची कळ तर एक बाइट पाठवतच नाही. ती तीन पाठवते : २७, ९१ आणि ६५, म्हणजे एस्केप, चौकोनी कंस आणि रोमन ए. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९७८ सालच्या ‘व्हीटी-१००’ या टर्मिनलने रूढ केलेली ही सांकेतिक पद्धत आजही पाळली जाते. यातून एक खराखुरा पेच उभा राहतो. २७ हा बाइट आला तर वापरणाऱ्याने एस्केपची कळ दाबली, की बाणाचा पहिला तुकडा आला? बाइट पाहून हे सांगता येत नाही. सेकंदाचा दहावा भाग वगैरे वाट पाहायची आणि मागून काही आले नाही तर ती एस्केप समजायची, एवढाच उपाय आहे. मोठमोठे एडिटरही हेच करतात. व्हीआय या एडिटरमध्ये कर्सर हलवायला एच, जे, के, एल ही अक्षरे का, याचेही उत्तर असेच आहे : १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनी तो ज्या ‘एडीएम-३ए’ टर्मिनलवर लिहिला, त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते.

पडद्याची बाजू याहून उद्बोधक आहे. पडद्यावर दिसते ती फाइल, ही आपली समजूत. टर्मिनलला फाइल म्हणजे काय हे ठाऊकच नसते. त्याला फक्त आज्ञा कळतात : पडदा पुसा, कर्सर अमुक ओळीत अमुक घरात न्या, ही अक्षरे छापा. फाइल असते ती प्रोग्रॅमच्या पोटात, ओळींची यादी म्हणून. एन्टर म्हणजे यादीतल्या एका ओळीचे कर्सरच्या जागी दोन तुकडे करून दुसरा तुकडा नवी ओळ म्हणून यादीत घुसवणे. ओळीच्या सुरुवातीला बॅकस्पेस म्हणजे ती ओळ आधीच्या ओळीला चिकटवून यादीतून काढणे. पर्लमध्ये ही दोन्ही कामे तुकडा कापण्याच्या आणि यादीत ढवळाढवळ करण्याच्या अंगभूत आज्ञांनी एक-दोन ओळींत होतात, आणि एडिटरचा गाभा म्हणावा असे यात फारसे आणखी काही नाही. बाकी सगळा देखावा आहे : दर कळेनंतर यादीतल्या समोर दिसायच्या ओळी नव्याने छापायच्या. त्या एकेक करून पाठवल्या तर पडदा लुकलुकतो. म्हणून कर्सर लपवायचा, पडदाभर मजकूर एका लांब वाक्यात जोडायचा, तो एकदम पाठवायचा आणि कर्सर पुन्हा दाखवायचा. हे एकदा स्वतः केले की ‘पडद्यावर दिसते म्हणून सेव्ह झाले असेल’ असे कुणी पुन्हा म्हणणार नाही.

सेव्ह करणे ही तर नवशिक्या एडिटरची सर्वांत धोक्याची जागा. फाइल लिहिण्यासाठी उघडली की त्याच क्षणी ती रिकामी होते. नेमकी तेव्हा वीज गेली किंवा डिस्क भरलेली निघाली, तर जुना मजकूर गेला आणि नवा आलाच नाही. म्हणून शेजारी तात्पुरती फाइल लिहायची, ती पूर्ण झाल्याची खात्री करायची आणि मग तिला मूळ नाव द्यायचे. एकाच फाइल-सिस्टिममध्ये नाव बदलण्याची ही क्रिया अर्धवट राहत नाही. नाव एकतर जुन्या फाइलकडे असते, नाहीतर नव्या. या युक्तीलाही किंमत आहे. नव्या फाइलला मूळ फाइलच्या परवानग्या आपोआप मिळत नाहीत, त्या आठवणीने लावाव्या लागतात. तीच काळजी बाहेर पडताना. प्रोग्रॅम मध्येच कोसळला आणि टर्मिनल रॉ स्थितीतच राहिले, तर वापरणाऱ्याला आपण काय टाइप करतो तेच दिसेनासे होते. पर्लमध्ये शेवटी हमखास चालणारा भाग लिहून ठेवता येतो. तरी बाहेरून सिग्नल पाठवून प्रोग्रॅम मारला तर तोही चालत नाही, त्याची वेगळी तरतूद लागते.

इथवर जे सांगितले ते जगातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला लागू आहे. मराठी मजकुराची फाइल उघडली की खरी परीक्षा सुरू होते. ‘मराठी’ हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरे तीन. युनिकोडच्या हिशेबात चिन्हे पाच, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. फाइलमध्ये बाइट पंधरा. एक बाइट म्हणजे एक अक्षर असे धरून लिहिलेल्या एडिटरमध्ये हा शब्द ओलांडायला बाण पंधरा वेळा दाबावा लागतो, आणि बॅकस्पेस एक बाइट तोडून मागे चौकटीतले प्रश्नचिन्ह ठेवते. बाइट आणि अक्षर यांची ही जोडी इंग्रजीपुरत्या बेतलेल्या अ‍ॅस्की या १९६३ च्या संकेतातून आली. गंमत अशी, की युनिक्सचा मूळ एडिटर ‘ईडी’ लिहिणारे केन थॉम्पसन यांनीच पुढे १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्यासोबत यूटीएफ-८ ही रचना केली आणि ती जोडी मोडली. त्या रचनेत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, २०४७ च्या पुढच्या क्रमांकांना किमान तीन लागतात. देवनागरी २३०४ पासून सुरू होते. पर्लला फाइल यूटीएफ-८ आहे असे सांगितले की पंधराचे पाच होतात. तरीही कर्सर ‘र’ आणि त्याचा काना यांच्या मध्ये घुसतोच.

पाचाचे तीन करायला पर्लच्या शोधभाषेत, कुठलेही मॉड्यूल न घेता, ‘एक दृश्य अक्षर’ असा अर्थ असलेले चिन्ह आहे. त्याने ‘मराठी’ बरोबर तीन तुकड्यांत पडतो. पण ‘क्षि’ घ्या : क, हलन्त, ष आणि वेलांटी, अशी चार चिन्हे, बारा बाइट, दिसायला एक अक्षर. देवनागरी जोडाक्षर हलन्तापाशी तोडू नये हा नियम युनिकोडच्या या तुकडे पाडण्याच्या पद्धतीत २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या तक्त्यांवर चालणारे पर्ल ‘क्षि’चे दोन तुकडे करते, आणि ते जोडण्याचा नियम आपल्याला लिहावा लागतो. त्याहून नाजूक प्रश्न पुढे आहे. बाणाच्या कळेने सबंध ‘क्षि’ ओलांडावा हे उघड आहे. बॅकस्पेसने मात्र सबंध ‘क्षि’ पुसावा की नुसती वेलांटी? वेलांटी चुकली म्हणून चारही चिन्हे पुन्हा टाइप करायला लावणारा एडिटर मराठी लिहिणाऱ्याला नकोसा होईल. म्हणजे पुढे जाण्याचा नियम एक आणि पुसण्याचा दुसरा. तयार मॉड्यूल घेतले असते तर हा निर्णय दुसऱ्याच कुणी, बहुधा मराठी न येणाऱ्याने, आपल्यासाठी घेऊन टाकला असता आणि तसा तो घेतला गेल्याचेही आपल्याला कळले नसते. माझा सगळा युक्तिवाद या एका अक्षरात आहे.

याला मर्यादा आहे आणि ती मान्य केली पाहिजे. टर्मिनलचा पडदा म्हणजे सारख्या मापाच्या घरांची जाळी. ऐंशी रकाने आणि चोवीस ओळी हे व्हीटी-१०० चे माप, आणि ऐंशीची परंपरा थेट आयबीएमच्या १९२८ च्या पंच कार्डापर्यंत मागे जाते. ‘क्षि’ला किती घरे द्यायची हे टर्मिनल ठरवते. त्याचा आणि आपल्या एडिटरचा हिशेब जुळला नाही तर कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे दिसते, आणि एडिटर कितीही नेटका लिहिला तरी हे त्याच्या एकट्याच्या हातात नाही. म्हणून देवनागरी टर्मिनलला झेपणारच नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चूक. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम पुढे नेऊन पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ कार्ड आणले आणि जुन्या, तोकड्या पीसीच्या पडद्यावर भारतीय लिप्या दाखवल्या. कुणी मनावर घेतले तेव्हा ते झाले. आज अडते ते लिपीच्या गुणधर्मापेक्षा कुणी मनावर न घेतल्यामुळे.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा : व्हिम आहे, नॅनो आहे, असे तयार एडिटर असताना नसती उठाठेव कशाला? रोजच्या कामासाठी तेच वापरावेत, यात वाद नाही. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ पासून २०२३ मधल्या निधनापर्यंत व्हिमवर घेतलेल्या कष्टांची बरोबरी काही शे ओळींचा प्रोग्रॅम करू शकत नाही. पण उसनवारी फुकट असते असेही नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे जावास्क्रिप्ट मॉड्यूल त्याच्या लेखकाने भांडारातून काढून घेतले आणि जगभरातल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकोचन-साधनात घुसवलेला चोरदरवाजा सापडला, तोही सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे एका अभियंत्याने खोदून पाहिले म्हणून. यावरून मॉड्यूल वापरूच नयेत असे ठरत नाही. हजारो लोकांनी घासूनपुसून घेतलेला प्रोग्रॅम आपल्या पहिल्या प्रयत्नापेक्षा बहुधा चांगलाच असतो. ठरते ते एवढेच, की अकरा ओळींची गोष्ट उसनी आणावी की नाही हे कळायला ती एकदा स्वतः लिहून पाहिलेली असावी लागते.

दुसरा आक्षेप भाषेवर आहे. पर्ल जुनी, चिन्हांनी बुजबुजलेली, नोकरीच्या बाजारात मागे पडलेली. मग पायथन का नको? पर्ल चटकन दुर्बोध होते ही तक्रार खरी आहे, आणि ती लिहिणाऱ्यानेच टाळायची असते. पण अट ‘जास्तीचे मॉड्यूल नको’ अशी असेल तर हिशेब बदलतो. डेबियन लिनक्सच्या आवश्यक पॅकेजांत पर्लचा मूळ भाग मोडतो, म्हणजे तो यंत्रावर आधीपासूनच असतो. आणि सबंध दृश्य अक्षर ओळखण्याची जी सोय वर आली, ती पायथनसोबत येणाऱ्या प्रमाण शोधसाधनात नाही. तिथे ती बाहेरून आणावी लागते. मराठी मजकुरासाठी ही बाब निर्णायक आहे. एसटीटीवायची मदत घेतली ती उसनवारी नव्हे का, असेही कुणी विचारील. आहे. कर्नल, टर्मिनल, पर्लमधले युनिकोडचे तक्ते, सगळेच उसने आहे. रेघ ओढायची ती इतकीच : मजकुराचे काय होते हे ठरवणारी प्रत्येक ओळ आपण लिहिलेली असावी.

तिसरा आक्षेप आजचा. असा एडिटर कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटभरात लिहून देते, मग शिकायचे कशाला? देते, हे खरे. पण तिने फाइल सुरक्षितपणे सेव्ह केली की नुसती रिकामी करून लिहिली, टर्मिनल पूर्ववत केले का, ‘क्षि’वर बॅकस्पेस दाबल्यावर काय होते, हे प्रश्न विचारायला सुचावे लागतात, आणि ज्याने एकदा हाताने केले आहे त्यालाच ते सुचतात.

संगणकशास्त्राच्या मराठी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी हा प्रकल्प जरूर हाती घ्यावा. आधी एक कळ वाचून तिचा क्रमांक छापा, मग पडदा रंगवा, मग ओळ तोडा-जोडा, शेवटी सेव्ह करा. चाचणीसाठी इंग्रजी फाइल घेऊ नका, ‘क्षितिज’ लिहा. तीन अक्षरे, सात चिन्हे, एकवीस बाइट. या शब्दावर बाणाची कळ आणि बॅकस्पेस दोन्ही नीट चालू लागली, तर एडिटर कसा चालतो हे तुम्हाला कळले असे खुशाल समजा.